पंधरा फुटांची दोरी

बाबा, तुमची चेडवां फायनलला पोचली. काल गिरगावात उपांत्य सामना झाला, सात गुणांनी जिंकल्या. तुमची म्हणते खरी, पण काल धावत होत्या त्यातल्या एकीचाही जन्म तुम्ही होतात तोवर झालेला नव्हता. तरी परळच्या त्या कॉलेजची निळी जर्सी घालून कोणी पोरगी बास्केटबॉलच्या कोर्टवर उतरली की माझ्या लेखी ती तुमचीच. शनिवारी फायनल आहे. तुमच्या त्या फायनलनंतर तेहेतीस वर्षांनी हे कॉलेज इथवर आलंय, आणि शनिवारच्या आधी मला तुमच्याशी त्या रेघेबद्दल बोलायचं आहे. तेव्हा बोलले नाही. त्यानंतर तुम्ही अकरा वर्षं होतात, रोज संध्याकाळी समोर बसून चहा प्यायचात, तेव्हाही बोलले नाही. आता तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाल्यावर पत्र लिहायला बसले आहे, म्हणजे वरातीमागून घोडं. असू दे.

आधी खेळाचं सांगते, कारण तुम्ही असतात तर तेच आधी विचारलं असतंत. साखळी सामन्यांतून आपला शिरकाव कसाबसाच झाला. बाद फेरीचा पहिला सामना भायखळ्याला होता, तोही साखळीत पहिल्या आलेल्या टीमशी. सगळे म्हणत होते, आटोपलं यांचं. मी हॉस्पिटलातल्या रेकॉर्ड विभागातून अर्धी रजा टाकून गेले. दुसरा सामना दादरला, तेव्हाही अर्धी रजा. साहेब म्हणाले, "मॅडम, दर चार दिवसांनी डोळे तपासायला जाता आणि चष्मा तर तोच आहे." मी म्हटलं, डॉक्टर नीट सांगत नाहीत हो. हॉस्पिटलात काम करून डॉक्टरच्या नावाने खडे फोडायला काही वाटत नाही मला आता.

नऊ नंबरची एक मुलगी आहे. लालबागची. उंचीने माझ्याएवढी, म्हणजे या खेळात बुटकीच म्हणायची. पण चेंडू तिच्या हातात आला की समोरच्या ताडमाड पोरींना तो कुठून गेला ते कळत नाही. एकीकडे बघते आणि दुसरीकडे देते. तुम्ही जागेवरून उठला असतात. "तां चेडू बघितलंस? वाऱ्यासारखां जातां!" असं तुम्ही शेजारच्या अनोळखी माणसाला मालवणीतच सांगितलं असतंत, आणि तो गुजराती असता तरी तुम्हाला फरक पडला नसता. दादरला माझ्या शेजारी त्याच टीममधली एक मुलगी बसली होती, गुडघ्याला पट्टा बांधलेली, दुखापतीमुळे बाहेर. तिने माझ्याकडे दोनतीनदा पाहिलं आणि विचारलं, "काकू, तुमची मुलगी कुठला नंबर?"

"माझी कोणी नाही गं यात."

"मग भाची वगैरे?"

"तीही नाही."

"अरे! भायखळ्याला पण होतात तुम्ही, मी बघितलं. डायरेक्ट फॅनच आमच्या?"

मी म्हटलं, "माझे बाबा तुमच्या कॉलेजात शिपाई होते. ते यायचे मुलींच्या प्रत्येक मॅचला."

"शिपाई मॅचला यायचे? काय सांगता! आमच्याकडे तर मी रोज जाते तरी गेटवर आयकार्ड मागतात." मग ती म्हणाली, "भारी होते म्हणजे तुमचे बाबा." त्यानंतर तिने मला तिच्या पिशवीतली संत्र्याची फोड दिली. काल गिरगावात तिने माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती. तुम्ही भारी होतात हे मी कुणाच्या तोंडून बऱ्याच वर्षांनी ऐकलं, आणि मला रडू आलं. खेळ रंगात होता म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

एक गोष्ट मला अजून जमत नाही. फाउल होतो, शिट्टी वाजते, सगळ्याजणी बाजूला सरतात आणि एकटी पोरगी रेघेवर उभी राहून बास्केटमध्ये चेंडू टाकते, तेव्हा सगळे रिंगकडे बघतात. मी तिच्या पायांकडे बघते. बूट रेघेला टेकलेत का, रेघ कुठे आहे. तुम्हीच मला समजावलं होतंत ना, या खेळात बाकी सगळीकडे ढकलाढकली, पण "हंय कोण आडवीत नाय. रेघ, रिंग आणि तू." काल नऊ नंबरने तसे चार टाकले, चारही आत. मला ते टाळ्यांवरून कळलं.

गिरणी बंद पडल्यावर तुम्ही दोन वर्षं घरी होतात, आणि मग या कॉलेजात लागलात. गिरणीत साच्यावर कापड विणलेला माणूस कॉलेजची घंटा वाजवणार म्हणून आईला वाईट वाटलं होतं. तुम्हाला नाही वाटलं, निदान दिसू दिलं नाहीत. आणि तिथे तुम्हाला या मुली भेटल्या. संध्याकाळी तुमची ड्युटी संपायची, मुलींची प्रॅक्टिस सुरू व्हायची, आणि तुम्ही घरी न येता कोर्टाच्या कडेला उभे. मग पाण्याची बादली तुमच्याकडे आली, मग चेंडूंची जाळी, मग मॅचच्या दिवशी लिंबू-साखर. कोणी सांगितलं नव्हतं. घोडपदेवच्या आपल्या खोलीत आई शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणायची, "तुमच्या चेडवांका लिंबू-सरबत, आणि घरच्या चेडवाक काय?" तुम्ही हसायचात. मी हसायचे नाही. मी सतरा वर्षांची होते, दादरला बारावीत होते, आणि तुम्ही घरी जेवताना एखादा शब्द बोललात तर तो कुठल्या तरी कॅप्टनच्या उडीबद्दल असायचा. मला त्या पोरींचा राग यायचा. त्या माझ्याशी चांगल्याच वागायच्या, हे तर अजूनच वाईट.

पण वर्षातला एक दिवस माझा होता. पाऊस संपला की कोर्टावरच्या रेघा पुसट झालेल्या असायच्या, आणि दिवाळीच्या आधीच्या एका रविवारी तुम्ही त्या पुन्हा मारायचात. कॉलेज बंद. आपण दोघं चालत जायचो, तुमच्या हातात पांढऱ्या ऑइल पेंटचा डबा, माझ्याकडे आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ. दोरी तुमच्या खांद्यावर. गिरणीतली सुती दोरी, तिच्यात तुम्ही माप घेऊन गाठी मारल्या होत्या, एक सहा फुटांवर गोलासाठी आणि एक पंधरा फुटांवर त्या रेघेसाठी. तुम्ही स्टुलावर चढून बास्केटमागच्या बोर्डाच्या कडेवरून ओळंबा सोडायचात, तो जमिनीवर टेकला की मी तिथे खडूने फुली मारायची, आणि दोरीचं टोक त्या फुलीवर दाबून बसायचं. "खुणेर धर गो. हात हलव नको." मग तुम्ही दोरी ताणत उलटे चालत जायचात आणि पंधराच्या गाठीवर खूण करायचात. त्या दिवशी तुम्ही बोलायचात. घरी ज्या माणसाच्या तोंडाला कुलूप, तो माणूस त्या रविवारी गिरणीतल्या गमती सांगायचा, देवगडच्या आजीची नक्कल करायचा, मला विचारायचा की पुढे काय शिकायचं म्हणतेस. पायरीवर बसून आपण आंबोळ्या खायचो तेव्हा समोरचं सगळं मैदान रिकामं असायचं.

त्या वर्षी चूक झाली ती माझ्या हातून. शेवटची रेघ राहिली होती. दुसऱ्या बाजूची रिंग वाकलेली होती, तिकडे मोटारसायकली लागायच्या, म्हणून मुली सगळी प्रॅक्टिस गेटाकडच्या बास्केटवरच करायच्या. तिथलीच ती रेघ. ऊन झालं होतं, उकिडवं बसून माझे पाय भरून आले, मी जरा मागे सरकले आणि माझा हातही सरकला. फुलीपासून वीतभर मागे. तुम्ही ताणलीत, खूण केलीत, पट्टी ठेवून रंग दिलात. रेघ वीतभर आत आली. मुलींच्या कोच सरांनी ती मोजली नाही. तुमच्या हातचं काम म्हटल्यावर मोजायचं कशाला?

मुली त्या रेघेवरून रोज शंभर-शंभर वेळा टाकत होत्या आणि डोळे मिटून टाकलं तरी आत जात होतं. तुम्ही घरी येऊन आकडे सांगायचात. पण बाहेरच्या मैदानांवर चेंडू रिंगच्या पुढच्या कडेवर आपटून परत यायला लागले. बाकीच्या खेळावर त्या जिंकत गेल्या, बाद फेरीतही जिंकल्या, पण त्या रेघेवर उभ्या राहिल्या की चुकायच्या. सर म्हणाले, घाबरता तुम्ही. तुम्ही म्हणालात, नजर लागली, आणि खरंच आईकडून मीठ-मोहऱ्या मागून घेतल्यात. मला मात्र एका सामन्यात, एकीचे तीन चेंडू सारखेच कमी पडताना पाहून माझा सरकलेला हात आठवला. दुसऱ्या दिवशी आईची कपडे मोजायची टेप घेऊन मी तुमच्या कॉलेजात आले. तुम्ही वर वर्गांना कुलपं लावत होतात. मी बोर्डाखालून रेघेपर्यंत मोजलं. चौदा फूट तीन इंच.

तेव्हा फायनलला आठ दिवस होते, बाबा. आठ दिवस बरेच असतात. त्याच संध्याकाळी मी सांगितलं असतं तर तुम्ही टर्पेंटाइन आणून ती रेघ पुसली असतीत, आणि मुलींनी आठ दिवसांत हात बसवला असता. मी मूग गिळून बसले. घाबरले होते, हे खरं. पण त्यात मत्सरही होता, तोही सांगते. मला वाटत होतं, एकदा या हरल्या तर काय बिघडलं. नंतर मी स्वतःला कितीदा तरी सांगितलं की मी लहान होते. सतरा म्हणजे काही लहान नाही.

एका गुणाने हरल्या. अकरा चेंडू त्या रेघेवरून वाया गेले. कॅप्टन तुमच्या बादलीपाशी बसून रडत होती आणि तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे होतात. दोन दिवसांनी सरांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी टेप आणून कोर्ट मोजलं. मी नेमकी तेव्हाच तुमचा विसरलेला डबा घेऊन गेटातून आत येत होते. सगळ्या मुली उभ्या होत्या. सर ओरडत होते, "अहो, वीतभर आत आहे ही लाइन! सगळा सीझन माझ्या मुली चुकीच्या जागेवरून टाकतायत. तुमच्या त्या गिरणीच्या दोरीवर भरवसा ठेवला, हीच माझी चूक." तुम्ही म्हणालात, "चूक झाली सर. माप माझं होतं." तुम्ही माझ्याकडे पाहिलंतही नाही. मी डबा पायरीवर ठेवला आणि निघून आले.

त्या संध्याकाळी तुम्ही घरी आलात, पाय धुतलेत, खुंटीवरची दोरी काढलीत आणि ओट्याजवळ जमिनीवर पसरलीत. पंधरा फूट आपल्या खोलीत सरळ मावत नाहीत, म्हणून ती दरवाज्यातून बाहेर चाळीच्या गॅलरीत गेली. आईच्या मशीनवरची टेप घेऊन तुम्ही हात-हातभर सरकत मोजत गेलात. मी स्टोव्हपाशी होते. पंधरा फूट बरोबर होते. तुम्ही पुन्हा मोजलंत. मग तसेच उकिडवे बसून राहिलात, गाठीवर अंगठा ठेवून. दोरी बरोबर होती म्हणजे टोक चुकलं होतं, आणि टोक कुणी धरलं होतं हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं. मी वाट बघत होते. आता बोलतील. आता मारतील सुद्धा. तुम्ही दोरी गुंडाळलीत, खुंटीला अडकवलीत आणि म्हणालात, "चाय टाक गो."

मला तुमचा ओरडा हवा होता, बाबा. अजून हवा आहे. एक थोबाडीत बसली असती तर मी तिथल्या तिथे सगळं ओकले असते, टेपचं, आठ दिवसांचं, सगळं. तुम्ही चहा प्यायलात आणि कप स्वतः विसळलात. पुढच्या वर्षी रेघा मारायला कॉलेजने कंत्राटदार आणला. सीझन सुरू झाला तेव्हा दोन मुली आपल्याकडे बोलवायला आल्या, खाटेवर बसून पोहे खाल्ले, "काका, चला ना, तुमच्याशिवाय मजा नाही," म्हणाल्या. तुम्ही म्हणालात, "गुडघे दुखतात गं." तुमचे गुडघे ठणठणीत होते. त्यानंतर तुम्ही एकही मॅच पाहिली नाहीत, आणि घंटा झाली की सरळ घरी येऊ लागलात. आई खूश होती. मला जे हवं होतं ते मिळालं होतं, तुम्ही रोज संध्याकाळी घरी होतात, आणि आपल्याला बोलायला काही नव्हतं.

तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या वर्षी मी पहिल्यांदा गेले, एकटीच. तेव्हापासून दर सीझनला जाते. लग्न झालं, मुलगा झाला, घर बदललं, तरी जाते. यांना वाटतं मला खेळाची आवड आहे. आवड लागलीही आहे आता, खोटं कशाला बोलू. पण मी जाते ती शेजारी तुम्ही असाल असं वाटून. शनिवारचं शनिवारी लिहीन.

शनिवार होऊन गेला. आज मंगळवार. जिंकल्या, बाबा. एका गुणाने. मैदान दादरचं होतं, समोरची टीम त्यांच्या ओळखीच्या मैदानावर, आणि गर्दी इतकी की पट्ट्यावाल्या मुलीने धरलेल्या एका जागेत आम्ही दोघी बसलो. शेवटची काही सेकंदं राहिली तेव्हा आपण एकाने मागे होतो, आणि नऊ नंबरला ढकललं म्हणून शिट्टी वाजली. दोन चेंडू तिला मिळाले. ती रेघेवर आली. शेजारची मुलगी माझा हात धरून म्हणाली, "काकू, खाली काय बघताय, वर बघा ना!" या वेळी मी वर बघितलं. पहिला रिंगवर दोनदा उडाला आणि आत गेला. दुसरा सरळ गेला, जाळीला फक्त हलवून. मग आरडाओरडा, पाण्याच्या बाटल्या, नऊ नंबर कुणाच्या तरी खांद्यावर. शेजारची मुलगी आपला गुडघा विसरून लंगडत कोर्टावर धावली. मी उजवीकडे वळून "बाबा, बघितलंत?" असं म्हणाले. मोठ्याने म्हणाले. तिथे कुणाची तरी आई बसली होती, तिला वाटलं मी तिलाच काही विचारतेय. ती म्हणाली, "हो ना, काय टाकला!"

मला वाटलं होतं, या जिंकल्या की माझं ओझं उतरेल. उतरलं नाही. आनंद झाला, खूप झाला, घसा बसला माझा. पण जिंकल्या त्या त्यांच्या हाताने, त्यात तुमच्या त्या वेळच्या मुलींना काही मिळालं नाही, आणि तुम्हालाही नाही. तुमची ती कॅप्टन आता आजी झाली असेल. तिला भेटून सांगावं असं मनात येतं, पण मला आधी तुम्हाला सांगायचं होतं.

हे पत्र पाठवायचं कुठे ते मला कळत असतं, तरी मी पाठवलं नसतं, कारण यात एक खोटं आहे. वर लिहिलंय की पाय भरून आले आणि हात सरकला. पाय भरून आले नव्हते. ही शेवटची रेघ राहिली होती, अजून बाराही वाजले नव्हते, आणि तुम्ही दोरी ताणत मागे जाता जाता म्हणालात, "ही एक रेघ मारली की सुटलंव. आता पुढल्या वर्षाक." फुली मला स्वच्छ दिसत होती. मी तिच्याकडे बघत हात वीतभर मागे घेतला. मला वाटलं, रंग दिल्यावर चूक तुमच्या लक्षात येईल, तुम्ही चिडाल, ही पुसून पुन्हा मारायला हवी म्हणाल, आणि पुढच्या रविवारी आपल्या दोघांना पुन्हा यावं लागेल. तुम्ही माझ्या हाताकडे पाहिलंच नाहीत. टोक मी धरलंय म्हटल्यावर तुम्हाला पाहायची गरजच वाटली नाही.